प्रार्थनेचा विषय

लिंबाला मोहोर आला की आमच्या गल्लीतल्या बाया म्हणतात, काय गार वास सुटलाय. मला तो वास आला की मी खिडकी लावून घेते. गारखेड्यात आमच्या बिल्डिंगीसमोर एकच कडुलिंब उरलाय, तोही रस्ता रुंद करताना अर्धा तोडलेला. पण मार्चमध्ये त्या राहिलेल्या फांद्या अशा काही फुलतात की गच्चीवरच्या कपड्यांना, माठातल्या पाण्याला, उशीच्या अभ्र्याला, सगळ्याला तोच कडसर गोड वास लागतो. जिन्यात पांढरी बारीक फुलं पडलेली असतात. मी झाडते, संध्याकाळपर्यंत पुन्हा पडलेली असतात.

आम्ही ख्रिस्ती. माझ्या आज्यापासूनचे. आमचे उपवासाचे चाळीस दिवस याच मोहोरात येतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची, आणि तिथून उत्तम शुक्रवारपर्यंत गोडधोड बंद, मटण बंद, जमेल तसा एक वेळचा उपास. दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी घरसभा. कुणाचा शुक्रवार कोणता त्याची यादी चर्चच्या दारावर लागते. यंदाची यादी गेल्या रविवारी लागली. लोक तिच्यापुढं वाकून वाकून आपलं नाव शोधत होते, आणि मी चपला घालता घालता तिच्याकडं पाठ केली. तीन वर्षं मी त्या यादीला पाठच करत आलेय.

हे लिहायच्या आधी मी ह्यांना विचारलं. म्हणाले, "लिही. पण माझं नाव नको घालू." म्हणून मी हेच म्हणणार आहे. तसंही लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, नावानं मी कधी हाक मारली नाही.

घरसभा कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चटया अंथरायच्या, पंखा मोठा करायचा, बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. आधी दोन गीतं, मग शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वाचन, मग पाळकसाहेबांचं थोडकं बोलणं. नंतर विचारतात, "कुणाचा काही प्रार्थनेचा विषय?" मग एकेक जण सांगतं. कुणाच्या आईचा मुतखडा, कुणाच्या पोराची बारावी, कुणाचा जावई सौदीत अडकलाय. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि दोघं-तिघं मोठ्यानं प्रार्थना करतात, ते विषय देवापुढं ठेवतात. प्रार्थना करणाऱ्याला मध्ये कुणी अडवत नाही. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. घरात साप निघाला तरी आम्ही 'आमेन' होऊ देऊ आणि मग काठी शोधू.

चांगलीच पद्धत आहे. माझ्या बापाच्या आजारपणात याच माणसांनी आम्हाला तगवलं. पण तिच्यात एक खोट आहे, आणि ती खोट आम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याच्या घरातलं बाहेर काढायचं असलं की आमच्यातली बाई सरळ काढत नाही. आधी उसासा टाकते. मग म्हणते, "निंदा म्हणून नाही हं, प्रार्थनेसाठी सांगते." एवढं म्हटलं की पाप धुऊन निघालं! पुढं मग काय वाट्टेल ते सांगा. मीही सांगितलंय. खोटं कशाला बोलू, चवीनं सांगितलंय.

त्या वर्षी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, ह्यांना कंपनीनं घरी बसवलं होतं. वाळूजच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मशीनचे साचे, डाय, सेट करण्यात गेली, आणि एक दिवस म्हणाले लाईन बंद. त्रेपन्नाव्या वर्षी माणसानं काय करावं? सहा महिने हे रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. कुठं जायचं नसायचं. बोलणं हळूहळू कमी होत गेलं. मी विचारलेल्याला उत्तर, बस. फक्त रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायला बसले की मान हलायची, बोटं चालायची, आणि मला वाटायचं, आहे, माणूस आत आहे अजून.

मग एका मंगळवारी डबा मागितला. मला इतका आनंद झाला! काम मिळालं असणार, पक्कं झाल्यावर सांगतील, असं वाटून मी काही विचारलं नाही. मेथीची भाजी आणि दोन भाकरी दिल्या. दिवस मावळताना परत आले. डबा तसाच भरलेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"कुठं गेला होता?"

"पैठणला. धरणावर."

ह्यांचं गाव त्याच बाजूचं. मी म्हटलं, "काय काम काढलं तिकडं?"

"काम नाय. परत न यायला गेलो होतो," हे म्हणाले.

गॅसवर दूध होतं. ते ऊतू जात होतं ते मला दिसत होतं आणि हात हलत नव्हता.

"दिसभर पाण्याकडं बघत बसलो. मग तहान लागली. समोर एवढं पाणी, आणि मला तहान लागली बघ. उठलो, रसवंतीवर दोन गिलास उसाचा रस प्यालो. थंडगार. आणि मग लाज वाटली. मरायला आलेला माणूस, अन् बर्फ जादा टाक म्हणतोय. बसलो यष्टीत अन् आलो."

मी त्यांना धरलं. दोघं तिथंच खाली बसलो, ऊतू गेलेल्या दुधात. मग म्हणाले, "हे तुझ्यामाझ्यात हाय. पोरीला नाय सांगायचं, भावाला नाय, चर्चात तर नायच नाय. शपथ नको घेऊ. नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ह्यांच्या चपला मी कपाटात कुलूप लावून ठेवायचे. गच्चीत गेले तर मागोमाग मी, हातात उगीच एक ओला टॉवेल. औरंगपुऱ्यात घड्याळाचे सेल आणायला निघाले तर मी रिक्षात शेजारी चढून बसले. म्हणाले, "तुला काय घ्यायचंय?" म्हटलं, "पिना." आठव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या शहराला पाणी त्याच धरणाचं, जायकवाडीचं. बाकी बायांनी हंडे-बादल्या लावल्या, आणि मी नळासमोर उभी. ते पाणी मला घरात घ्यावंसं वाटेना. शेवटी घेतलं. न घेऊन सांगते कुणाला?

त्याच आठवड्यात मी सरोजला सांगितलं.

सरोज म्हणजे वीस वर्षांची मैत्रीण. गायनवृंदात आम्ही खांद्याला खांदा लावून उभ्या राहायचो. माझ्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणात, नर्स ओरडत असताना, माझा हात जिनं धरला ती सरोज. वाईट बाई नव्हे ती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला ते लिहायला जड जातंय. उपासना संपल्यावर चर्चमागच्या नळावर आम्ही दोघी चहाचे कप विसळत होतो. तिनं नुसतं विचारलं, "बरी आहेस ना गं?" आणि मी फुटले. सगळं सांगितलं. पैठण, धरण, तहान, रस, सगळं. साबणाच्या हातांनी तिनं मला जवळ घेतलं. माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. मी म्हटलं, "कुणाला सांगू नको बाई. फक्त प्रार्थना कर." ती म्हणाली, "वेडी आहेस का, कुणाला सांगीन?" त्या दिवशी घरी येऊन मी त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

आमचा शुक्रवार यादीत चौथा होता. त्याच्या आधी दोन-तीनदा मला काहीतरी खटकलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही. औरंगपुऱ्याच्या गल्लीत चर्चमधल्या एका बाईनं माझं मनगट दाबलं. "प्रार्थना चालू आहे हं." म्हटलं, "कशासाठी?" तर म्हणाली, "असंच गं. सगळ्यांसाठीच." बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी नुसते जोडलेले हात टाकले होते, खाली अकरा जणींनी जोडलेले हात. मी पण टाकले! कुणासाठी ते न विचारता टाकले.

शुक्रवारी तीस माणसं आली. चटया कमी पडल्या म्हणून खालच्या शमीमआपाकडून दोन सतरंज्या आणल्या. तिचे रोजे चालू होते त्या दिवसांत, आमचे उपास आणि तिचे रोजे यंदासारखेच एकत्र आले होते. हे पेटी घेऊन खिडकीखाली बसले. मोहोराचा वास घरभर. गीतं छान झाली. ह्यांचा चेहरा जरा मोकळा दिसत होता, आणि मी मनात म्हटलं, देवा, वळवलंस बाबा माझं माणूस.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे विषय विचारले. मुतखडा झाला, बारावी झाली. मग म्हणाले, "सरोजताई, आपण सुरुवात करा." सगळ्यांनी डोळे मिटले.

सरोजचा आवाज गोड आहे. प्रार्थनेत तर जास्तच ओला होतो. आधी तिनं देवाची स्तुती केली, मग आमच्या घराला आशीर्वाद मागितला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे दयाळू पित्या, या घरातल्या तुझ्या सेवकाला तू मरणाच्या काठावरून परत आणलंस. त्या धरणावर, प्रभू, तूच त्याला तहान लावलीस. उसाच्या रसाच्या निमित्तानं तूच त्याचा हात धरलास…"

मी डोळे उघडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मार. ओरडावं तर ती प्रार्थनेत. तिचं तोंड धरावं तर ती देवाशी बोलतेय. मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. तीस मिटलेले चेहरे. एकाचीही भुवई हलली नाही. कुणी दचकलं नाही, कुणाचा श्वास अडकला नाही. हळूहळू माना डोलत होत्या, "होय प्रभू, होय प्रभू." तेव्हा मला कळलं की हे सगळ्यांना आधीपासून माहीत आहे.

आणि ह्यांचेही डोळे उघडे होते. सरोजकडं नव्हते बघत. माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आधारासाठी बघतायत. मी मान हलवली, आहे मी, अशी.

तीस जणांनी 'आमेन' म्हटलं. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, शेवटचं गीत घ्या." आणि ह्यांनी घेतलं. चारही कडवी वाजवली, एक स्वर इकडचा तिकडं झाला नाही. मग भाता बंद केला, पेटीवर पोरीची जुनी शाल टाकली, आणि सगळ्यांना हात जोडून सलाम केला. लोकांनी चहा घेतला, गूळ-शेंगदाणे खाल्ले. सरोजनं जाताना माझ्या गालाला हात लावला.

ती शाल अजून पेटीवर आहे.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तोंड होतं, पण डोकं नव्हतं. राईचा पर्वत म्हणतात, इथं राईसुद्धा नव्हती. पैठणला ह्यांचं कुणीतरी आहे, तिच्यासाठी जातात. नाही, कंपनीनं घरी बसवलं नाही, हाकललंय, काहीतरी भानगड केली असणार. नाही नाही, बायकोच जाच करते, तिचं तोंड तुम्हाला माहीत आहेच. हे शेवटचं मला माझ्या चुलतबहिणीनं फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुला कळावं म्हणून सांगते हं, प्रार्थनेत ठेव." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! परक्या माणसानं केलं असतं तर चौकीत गेले असते. इथं कुणाविरुद्ध जाणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

हे घराबाहेर पडायचे बंद झाले. रविवारी चर्च नाही, सकाळची आंघोळ नाही, इस्त्रीचा शर्ट नाही. भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी बोलले की उत्तर नाही. पैठणहून आलेला माणूस माझ्याशी बोलला तरी होता. हा माणूस बोलतच नव्हता. मला एकच भीती, रात्रंदिवस एकच: हे उठतील, कपाट फोडतील, चपला काढतील, आणि या वेळी तहान लागणार नाही. मी स्वयंपाक करता करता दर दोन मिनिटांनी दारातून डोकावायचे, छाती वरखाली होतेय का बघायला. पोरीला पुण्याहून बोलावून घेतलं, काय ते न सांगता. डॉक्टरकडं नेलं ते तिनं आणि मी दोघींनी मिळून, अक्षरशः धरून. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळच तर नव्हता माझ्याकडं.

पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, "बाई, क्षमा करा. मनात अढी ठेवू नका."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, आधी मला रागावू तर द्या! अजून मी रागावलेच नाही नीट. दारात येऊन सगळे म्हणतात क्षमा कर, क्षमा कर. त्या बाईला कुणी म्हणालं का, तोंड आवर?"

 मला वाटलं, उठून जातील. पण त्यांनी माझं शास्त्र हातात घेतलं, स्तोत्रांची पानं उलटली, आणि उघडं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "रागवायचं आहे ना? मग इथं रागवा. त्याच्यासमोर." आणि चहा न घेता गेले.

ते स्तोत्र मी त्याआधी कितीदा ऐकलं असेल. कान होते, पण ऐकलं नव्हतं. लिहिणारा म्हणतो, माझं काळीज थरथरतंय, मला पंख असते तर उडून रानात गेलो असतो, या गावात राहिलो नसतो. गावाच्या भिंतीभिंतीवरून खोटेपणा फिरतोय म्हणतो. आणि मग म्हणतो, वैऱ्यानं केलं असतं तर सोसलं असतं, लपून बसलो असतो. पण हा तर तू होतास. माझ्या बरोबरीचा. आपण गोड गोड बोलत देवाच्या घरी संगतीनं चालत जायचो. असं म्हणतो आणि त्या माणसाचं नावच लिहीत नाही! सगळं लिहिलं, नाव तेवढं टाळलं. मला वाटलं, म्हणूनच ते आजपर्यंत टिकलं असेल. ज्यानं त्यानं त्या जागी आपापलं नाव घालायचं.

मी सरोजचं घातलं. आम्ही दोघी चर्चच्या फाटकातून संगतीनं जायचो, हसत, गाण्याची वही एकीच्या पिशवीत. बरोब्बर बसलं.

आणि त्याच्या पुढच्या ओळीत शाप आहे. साधासुधा नाही. मरण त्यांच्यावर तुटून पडो, ते जिवंत जमिनीत जावोत, असा. शास्त्रात असं असतं? क्षमा करा म्हणणाऱ्या शास्त्रात? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाबरून इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या दिवशी तिचं नाव घेऊन वाचलं. दुपारी एक वाजता, हे भिंतीकडं तोंड करून पडलेले, पंखा घरघरतोय, बाहेर ऊन, लिंबाची फुलं जाळीतून आत येतायत, आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून वीस वर्षांच्या मैत्रिणीला देवाच्या शब्दांत शाप देतेय. रोज. मला त्याची चटक लागली. बोट त्या ओळीवर ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा. ती ओळ नसती तर मी त्या उन्हात वेडी झाले असते, हेही खरं आहे.

सरोज आली होती एकदा. मी दार उघडलं पण आत घेतलं नाही. जिन्यात उभी राहून ती रडायला लागली. "मी प्रार्थनाच केली गं. दुसरं काय केलं? ग्रुपच्या चार बायकांना म्हटलं, जोर लावा, माणूस वाचला पाहिजे. वाईट वाटावं म्हणून केलं का मी?"

"मी तुला सांगितलं होतं, कुणाला सांगू नको."

"आणि प्रार्थना कर, असं पण म्हणाली होतीस. तूच म्हणालीस." नाक पुसत म्हणाली, "एकटीच्यानं नाही गं पेललं ते मला. म्हणून सांगितलं."

मी दार लावलं. त्याला आता तीन वर्षं झाली. सरोज आता दुसऱ्या बाजूला उभी राहून गाते, मी गातच नाही. केसानं गळा कापला हिनं, एवढंच मी स्वतःला सांगत राहिले. पण तिचं ते शेवटचं वाक्य माझ्या कानातून गेलं नाही. एकटीच्यानं नाही पेललं.

सतरंज्या परत करायला मी शमीमआपाकडं गेले ते पंधरा दिवसांनी. तिची इफ्तारीची तयारी चालली होती, खजूर, कापलेलं टरबूज, भजी. मी म्हटलं, "आपा, उशीर झाला, माफ करा." तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"भाईसाब की तबियत कैसी है अब?"

"तुम्हाला पण कळलं का?" मी एकदम चिडून बोलले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोई नई बोला, भाभी. मैं खुद देखी थी. जाड़ों में. गच्ची पे अकेले रो रहे थे, पानी की टाकी के पीछे. मैं कपड़े बिना उठाए नीचे आ गई."

"मला का नाही सांगितलं?"

"उन्होंने छुपके रोए ना? तो छुपाने की चीज थी उनकी. मैं किसकू बोलती?" मग वर बोट केलं. "उसकू बोली. रोज बोली. और किसीकू नई." आणि टरबुजाची प्लेट झाकून माझ्या हातात दिली.

जिन्यात मी प्लेट धरून मध्येच थांबले. बाई खालच्या मजल्यावर, जात वेगळी, धर्म वेगळा, वीस वर्षांत सण सोडून बसणं-उठणं नाही. तिच्या पोटात एवढं राहिलं. तेव्हा मी हे सरोजच्या विरुद्ध आणखी एक पुरावा म्हणून जमा केलं. आणखी कुणाच्या विरुद्ध तो पुरावा होता, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते. त्या वर्षी मी गेले नाही. तीन वाजता घंटा वाजली असेल, गारखेड्यापर्यंत ऐकू येत नाही, पण मी घड्याळ बघून हात जोडले. हे उठून बसले होते. मला म्हणाले, "भाकर हाय का?" तीन आठवड्यांनी पहिलं वाक्य. मी इतक्या घाईनं उठले की पाट लागून पडले.

तिथून हे हळूहळू आले. आले म्हणजे किती, ते सांगता येत नाही. गोळ्या चालू आहेत. औरंगपुऱ्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात अर्धा दिवस बसतात. बोलतात. कधीकधी हसतात. चपला आता दारातच असतात, कपाटाचं कुलूप मी काढलं. पण यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी अजून गॅलरीत जाऊन उभी राहते, आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी पहिली बादली मी अजून झाडाला घालते. माणूस परत मिळाला, पण भरवसा परत मिळाला नाही. लोक म्हणतात, आता सगळं ठीक आहे ना? मी म्हणते, हो. प्रार्थना चालू ठेवा, असं मात्र म्हणत नाही.

आता सांगते ते परवाच्या शुक्रवारचं. यादी लागून पाच दिवस झाले होते. दुपारी आम्ही दोघं गॅलरीत चिंच फोडत बसलो होतो. गावाकडून पोतंभर आलेली. हे बत्त्यानं ठोकत होते, मी चिंचोके काढत होते. मध्येच मी हात पुसून शास्त्र घेतलं. एक वाजला होता. सवयच ती. तीन वर्षांत शाप थोडा पुटपुटण्यावर आला होता, पण सुटला नव्हता.

"अजून वाचतीस व्हय ते?" हे म्हणाले.

मी दचकले. मला वाटलं होतं, ह्यांना माहीत नाही. "तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीकडं तोंड होतं माझं. कान नव्हते भिंतीत." बत्ता ठोकत राहिले. "त्या जागेवर कुणाचं नाव घेतीस?"

"कुणाचं घेणार? सरोजचं."

ह्यांनी दोन चिंचा फोडल्या. मग म्हणाले, "तू बाजारात गेली का मी बी वाचायचो. तेच स्तोत्र. तुझं पुस्तक उघडंच पडलेलं असायचं."

"मग? तुम्ही पण तिचंच…"

"नाय," हे म्हणाले. "मी तुझं घ्यायचो."

चिंचोका माझ्या बोटांत तसाच राहिला.

रागानं नाही म्हणाले. कंपनीतलं जुनं काहीतरी सांगावं तसं म्हणाले. "त्या दिवशी सरोजनं रसाचं काढलं ना, तवा मला कळलं. रसाचं मी तुला एकटीलाच सांगितलं होतं. तीस माणसं ऐकतायत त्याचं नाय एवढं लागलं. मी तुझ्याकडं बघितलं, अन् तू मान हलवलीस."

आपण संगतीनं चालत जायचो, असं लिहिलंय तिथं. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी या माणसाच्या शेजारून मी चर्चला चालत गेले, आणि तीन वर्षं ती ओळ वाचून मला सरोज आठवली.

"मला एकटीला पेललं नाही हो," मी म्हटलं. तोंडातून निघाल्यावर कळलं, हे वाक्य माझं नाही, जिन्यातलं आहे.

"ठाव हाय," हे म्हणाले.

"आणि ती पुढची ओळ? तीही माझं नाव घेऊन…?"

ह्यांनी बत्ता खाली ठेवला. "त्या ओळीवर मी गेलोच नाय कधी. तिथवर आलो का पुस्तक मिटायचो. दुसऱ्या दिशी पुन्हा पहिल्यापासून."

मी मांडीवरच्या पुस्तकाकडं बघितलं. पान सगळं स्वच्छ आहे. ती एकच ओळ, बोट फिरवून फिरवून, काळी पडलीय.

गॅलरीत लिंबाची फुलं पडत होती, चिंचेत, ह्यांच्या केसांत.  सरोजचं नाव काढून त्या जागी माझं ठेवावं, तर पुढं तीच शापाची ओळ येते.

"पाणी दे गं जरा," हे म्हणाले. "तहान लागली."

मी उठले. माठात तांब्या बुडवला, आणि रडले ते तिथंच, त्यांच्याकडं पाठ करून, हुंदका त्यांच्या कानावर जाऊ न देता. मग तोंड पुसलं आणि तांब्या भरून नेऊन दिला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरून सगळा संपवला.